गोवर आणि शरीराची आठवण

आपल्या आजी-पणजींच्या तोंडी ‘लस टोचली का’ असा प्रश्न क्वचितच येत असे. त्या विचारीत, ‘पोराच्या देवी काढल्या का?’ देवी येणे म्हणजे तो जीवघेणा रोग होणे आणि देवी काढणे म्हणजे त्या रोगाविरुद्ध टोचून घेणे. रोग आणि त्याचा प्रतिबंध या दोहोंना मराठीने एकाच नावात बसवले, आणि त्यात वरवर दिसते त्याहून अधिक शहाणपण आहे. लस ही रोगाशी नाते नसलेली, बाहेरून आणून शरीरावर चढवलेली ढाल नव्हे. रोगाचेच एक नखे काढलेले रूप शरीराला अगोदर दाखवायचे आणि पुढचे काम शरीरावर सोपवायचे, एवढेच ती करते.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी जेम्स फिप्स या आठ वर्षांच्या मुलाच्या दंडात गाईच्या देवीचा द्राव टोचला. त्यानंतर सहाच वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला तीच लस टोचण्यात आली. हिंदुस्थानात यशस्वी झालेली ही पहिली लस. ती बगदाद आणि बसऱ्याच्या वाटेने, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असा प्रवास करीत आली होती. शीतपेटी नव्हती, बर्फ नव्हता. लस जिवंत ठेवायची तर ती जिवंत माणसांतच ठेवावी लागे. पुढे १९८० मध्ये जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले आणि आपल्या दंडावरचे ते गोल व्रण हळूहळू एका पिढीची ओळख होऊन राहिले.

मात्र आजचा विषय देवी नाही, गोवर आहे. या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत एक प्रश्न थोड्याफार फरकाने वारंवार आढळतो. नऊ महिने पूर्ण होताच बाळाला गोवराची लस दिली. मग दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा तीच लस कशासाठी? पहिली कुचकामी होती काय? प्रश्न रास्त आहे, आणि तो मनातच राहिल्यामुळे कित्येक घरांत ही दुसरी मात्रा राहून जाते. पहिल्या वर्षात दर महिन्या-दोन महिन्यांनी लसीकरणाच्या वाऱ्या होतात, कार्ड हाताशी असते, आशाताई आठवण करतात. नऊ महिन्यांनंतर मोठा खंड पडतो. बाळ चालू लागते, आई कामावर रुजू होते, कार्ड कपाटातल्या कागदांखाली जाते. त्या दुसऱ्या मात्रेचे मोल समजायचे तर गोवर शरीरात काय करतो आणि लस त्याच्या आधी काय करून ठेवते, हे थोडे बारकाईने पाहावे लागेल.

गोवराचा विषाणू हवेतून येतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत तो तेथील हवेत तग धरू शकतो. संरक्षण नसलेल्या दहा जणांचा रुग्णाशी निकट संबंध आला, तर त्यांपैकी नऊ जण आजारी पडतात. माणसाला होणाऱ्या रोगांत इतक्या वेगाने पसरणारे रोग फार थोडे आहेत. श्वासावाटे आत शिरल्यावर हा विषाणू प्रथम गाठतो तो श्वसनमार्गात पहारा करणाऱ्या संरक्षक पेशींना. चोराने पहारेकऱ्याच्याच खांद्यावर बसून वाड्यात शिरावे, तसा तो या पेशींतून जवळच्या लसिकाग्रंथींत पोहोचतो, तेथे वाढतो आणि रक्तावाटे शरीरभर पसरतो. हे सारे घडत असताना मूल नेहमीप्रमाणे खेळत असते. साधारण दहाव्या दिवशी ताप चढतो, नाक वाहू लागते, खोकला येतो, डोळे लाल होतात. गालाच्या आतील बाजूस, दाढांच्या समोर, मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसू लागतात. चौदाव्या दिवसाच्या आसपास कानांमागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होऊन ते अंगभर उतरते. या पुरळाच्या चार दिवस आधीपासून ते चार दिवस नंतरपर्यंत मूल रोग पसरवू शकते. म्हणजे ‘हा गोवर आहे’ असे घरात कोणी म्हणण्याच्या आधीच तो शेजारी गेलेला असतो.

या दोन आठवड्यांत शरीर स्वस्थ बसलेले नसते. पण त्याची एक अडचण असते. आपल्या रक्तात आणि लसिकाग्रंथींत ‘बी’ आणि ‘टी’ या नावांच्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांतील प्रत्येक पेशी जन्मतः वेगवेगळ्या आकाराच्या कुलपाची किल्ली घेऊन आलेली असते. कोट्यवधी किल्ल्या, आणि गोवराच्या कुलपाला लागणाऱ्या त्यांत मोजक्याच. ती मोजकी पेशी विषाणूपर्यंत पोहोचणार, तिला खूण पटणार, मग तिच्या हजारो प्रती तयार होणार आणि त्यांतून प्रतिपिंडे नावाची प्रथिने रक्तात उतरणार. या सर्वाला आठवडा-दोन आठवडे लागतात. विषाणूला मात्र शरीरभर पसरण्यासाठी तेवढेच दिवस पुरेसे होतात. अंगावरचे पुरळ म्हणजे वस्तुतः या लढाईत शरीराच्या ‘टी’ पेशी त्वचेपर्यंत येऊन पोहोचल्याची खूण आहे.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. ‘गोवर आत राहिला तर वाईट, तो बाहेर पडला पाहिजे’ असे जुनी माणसे म्हणत. त्यांच्या निरीक्षणात तथ्याचा अंश होता. ज्यांची प्रतिकारयंत्रणा फारच दुबळी आहे अशा मुलांत पुरळ नीट उठत नाही आणि तीच मुले अधिक गंभीर होतात. चूक झाली ती उपायात. पुरळ बाहेर ‘काढण्यासाठी’ म्हणून मुलाला उष्ण काढे द्यायचे, घरात फोडणी द्यायची नाही, मुलाला पोटभर जेवू द्यायचे नाही, डॉक्टरांकडे न्यायचे नाही. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवण्याला हरकत घेण्याचे कारण नाही. उपाशी ठेवण्याला मात्र आहे. गोवर झालेल्या मुलाला एरवीपेक्षा अधिक पोषणाची, पाण्याची आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ‘अ’ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रांची गरज असते.

कारण गोवर हा अंगावर ठिपके उठवून निघून जाणारा आजार नव्हे. त्याच्या पाठोपाठ न्यूमोनिया येतो, अतिसार येतो, कान फुटतो. ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलाच्या डोळ्यांत व्रण पडून दृष्टी जाऊ शकते. हजारांत एखाद्या मुलाला मेंदूचा दाह होतो. क्वचित एखाद्या मुलात हा विषाणू मेंदूत दडून राहतो आणि सात-आठ वर्षांनी, सर्व विसरून गेल्यावर, मेंदूचा हळूहळू नाश करणारा असाध्य विकार घेऊन वर येतो. आणि विषाणूवर थेट घाव घालणारे खात्रीचे औषध आपल्यापाशी आजही नाही. उपचार करायचे ते गुंतागुंतींवर.

मग लस काय करते? ती विषाणूशी लढत नाही. ती वेळ बदलते. किल्ली शोधण्याचे जे काम रोगाच्या धामधुमीत दोन आठवडे चालणार, तेच काम ती निवांतपणी, कोणताही धोका समोर नसताना, आधीच उरकून घेते.

१९५४ मध्ये अमेरिकेतील बोस्टनजवळच्या एका शाळेत गोवराची साथ आली. जॉन एंडर्स यांचे सहकारी थॉमस पीबल्स यांनी तेथील आजारी मुलांच्या रक्ताचे नमुने घेतले. त्यांतील डेव्हिड एडमन्स्टन या तेरा वर्षांच्या मुलाच्या नमुन्यातून प्रयोगशाळेत विषाणू वेगळा करण्यात यश आले. पुढे हा विषाणू निरनिराळ्या पेशींवर आणि कोंबडीच्या भ्रूणावर पुनःपुन्हा वाढवत नेण्यात आला. माणसाच्या शरीराची सवय सुटत गेली तसा तो मवाळ होत गेला; ओळखीची चेहरेपट्टी कायम, दात मात्र बोथट. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याच्यापासून केलेल्या लसीला मान्यता मिळाली. पुण्यात तयार होणारी आणि आपल्या केंद्रांवर दिली जाणारी लस ‘एडमन्स्टन-झाग्रेब’ या वाणाची, म्हणजे त्याच घराण्याची आहे. सत्तर वर्षांपूर्वीच्या एका शाळकरी मुलाच्या रक्तातला विषाणू आजच्या गोवरापासून बाळाचे रक्षण करू शकतो, कारण गोवराचा विषाणू आपले बाह्यरूप फारसे बदलत नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू दरवर्षी वेष पालटतो म्हणून त्याची लसही पालटावी लागते. गोवराच्या बाबतीत निसर्गाने एवढी तरी कृपा केली आहे.

आता केंद्रावर काय होते ते पाहू. परिचारिका कोरड्या भुकटीच्या कुपीत द्रव मिसळते आणि बाळाच्या उजव्या दंडात, त्वचेखाली, अर्धा मिलिलिटर लस टोचते. बाळ रडते, आई त्याला छातीशी धरते, आणि आपल्या दृष्टीने विषय संपतो. शरीराच्या दृष्टीने तो तेथे सुरू होतो. मवाळ विषाणू दंडाजवळच्या पेशींत थोडाफार वाढतो. पहारेकरी पेशी त्याचे तुकडे घेऊन लसिकाग्रंथींत जातात आणि ‘ही खूण कोणी ओळखते का’ अशी जणू दवंडी पिटतात. जुळणारी किल्ली असलेल्या पेशी पुढे येतात, वाढू लागतात. मग लसिकाग्रंथींत एक विलक्षण गोष्ट घडते, आणि माझ्या मते तिच्याविषयी आपण पालकांना फार कमी सांगतो. या वाढणाऱ्या ‘बी’ पेशी आपल्या किल्लीत बारीक बारीक फेरफार करीत राहतात. जिची किल्ली अधिक घट्ट बसते ती टिकते, जिची सैल पडते ती नाहीशी होते. ही निवड काही आठवडे चालते. म्हणून लस दिल्याच्या दुसऱ्या आठवड्यातील प्रतिपिंडांपेक्षा काही महिन्यांनंतरची प्रतिपिंडे विषाणूला अधिक बळकट धरतात. शरीर शिकत असते, आणि शिकलेले गिरवीतही असते.

या शिक्षणातून दोन प्रकारच्या पेशी मागे राहतात. काही अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ गरात, मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षे थोडी थोडी प्रतिपिंडे रक्तात सोडत राहतात. इतर स्मृतिपेशी होऊन शांतपणे फिरत राहतात. पुढे कधी शाळेच्या वर्गात, रेल्वेच्या डब्यात खरा गोवर भेटला, तर रक्तातील प्रतिपिंडे त्याला दारातच अडवतात. त्यातूनही कोणी निसटला तर स्मृतिपेशी दोन आठवडे न घेता मोजक्या दिवसांत फौज उभी करतात. मुलाला काही झाल्याचे कळतही नाही. लसीचे यश हे असे अदृश्य असते; न झालेल्या आजाराचा कोणी फोटो काढीत नाही.

लस दिल्यानंतर सातव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास काही बाळांना ताप येतो, कधी अंगावर फिकट पुरळ दिसते. पालक गोंधळतात, कारण इतर लसींचा ताप त्याच रात्री येतो. या विलंबाचे कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. लसीतील विषाणू जिवंत आहे, त्याला वाढायला आणि शरीराला त्याची दखल घ्यायला तेवढे दिवस लागतात. दोन दिवसांत हा ताप उतरतो.

ही आठवण किती काळ टिकते, याचे एक सुंदर उत्तर लस निघण्याच्या शंभरहून अधिक वर्षे आधी मिळून गेले होते. उत्तर अटलांटिक समुद्रात डेन्मार्कच्या अमलाखालील फेरो नावाची बेटे आहेत. १८४६ च्या मार्चमध्ये कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तेथे गोवर पोहोचला. सुमारे पावणेआठ हजार वस्तीपैकी जवळजवळ सहा हजार लोक काही महिन्यांत आजारी पडले. डॅनिश सरकारने पाठवलेला पीटर लुडविग पानुम हा डॉक्टर तेव्हा अवघ्या पंचविशीत होता. गावोगाव होडीने हिंडून त्याने घरोघरी चौकशी केली, तारखा टिपल्या. संसर्गापासून पुरळापर्यंत तेरा-चौदा दिवस जातात, हे त्यानेच पक्के केले. पण त्याचे अधिक मोलाचे निरीक्षण वृद्धांविषयीचे होते. त्या बेटांवर याआधीची गोवराची साथ १७८१ मध्ये आली होती. त्या साथीत आजारी पडून वाचलेली जी मुले आता म्हातारी झाली होती, त्यांपैकी एकालाही या वेळी गोवर झाला नाही. मधल्या पासष्ट वर्षांत बेटांवर गोवर फिरकलाच नव्हता; म्हणजे उजळणी न होताही शरीराने ती ओळख जपून ठेवली होती. ज्या वृद्धांना बालपणी तो झाला नव्हता, ते मात्र तरुणांसारखेच आजारी पडले. प्रतिपिंडे हा शब्दही जन्माला आला नव्हता त्या काळातली ही गोष्ट आहे.

यावर काही जण म्हणतील, मग खराच गोवर होऊ द्यावा, त्याने तर आयुष्यभराचे संरक्षण मिळते. हा युक्तिवाद हल्ली सुशिक्षित घरांतही ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. गोवराचा विषाणू ज्या पेशींत शिरतो त्यांत स्मृतिपेशी अग्रभागी असतात. या पेशींच्या पृष्ठभागावर एक प्रथिन असते, त्याला धरूनच तो आत शिरतो. म्हणजे तो नासधूस करतो ती शरीराच्या दप्तरखान्याची. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचे, गोवर होण्याआधीचे आणि नंतरचे, नमुने तपासण्यात आले. इतर रोगजंतूंविरुद्ध या मुलांनी आजवर कमावलेल्या प्रतिपिंडांच्या भांडारातील ११ ते ७३ टक्के भाग गोवराने पुसून टाकला होता. जे सर्दी-खोकले, जे जुलाब, जे न्यूमोनिया सोसून त्या शरीरांनी धडे घेतले होते, ते पुन्हा गिरवण्याची पाळी आली. गोवर बरा झाल्यावरही दोन-तीन वर्षे मुले इतर आजारांनी दगावण्याचे प्रमाण वाढलेले राहते, असे त्याआधीच्या अभ्यासात दिसले होते. त्याचे कारण येथे सापडले. लस घेतलेल्या मुलांमध्ये अशी पुसापुशी आढळली नाही. एका आजाराची आठवण मिळवण्यासाठी बाकीच्या साऱ्या आठवणी पणाला लावणे, हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पहिली मात्रा नवव्या महिन्यातच का? गर्भारपणाच्या अखेरच्या महिन्यांत आई आपली प्रतिपिंडे नाळेतून बाळाला देते. जन्मतः बाळ आईच्या आठवणींच्या पांघरुणाखाली असते. हे पांघरूण सहा ते नऊ महिन्यांत विरत जाते. ते पुरेसे दाट असताना जिवंत विषाणूची लस दिली, तर आईची प्रतिपिंडे त्या मवाळ विषाणूलाही निष्प्रभ करतात आणि बाळाचे शरीर काहीच शिकत नाही. फार उशीर केला, तर पांघरूण विरल्यानंतरच्या उघड्या काळात खरा गोवर गाठतो. जेथे गोवर दुर्मीळ आहे ते देश बाराव्या महिन्यापर्यंत थांबू शकतात. आपल्याला ती चैन परवडत नाही, म्हणून आपण नववा महिना धरतो. ही तडजोड आहे आणि ती जाणूनबुजून केलेली आहे. तिची किंमत अशी, की या वयात दिलेली लस सुमारे ८५ टक्के मुलांतच कार्य साधते. उरलेल्यांपैकी काहींच्या अंगात आईची प्रतिपिंडे शिल्लक असतात, काहींची यंत्रणा अजून पुरती तयार नसते. कोणते मूल शिकले आणि कोणते नाही, हे बाहेरून ओळखता येत नाही.

दुसरी मात्रा आहे ती या न शिकलेल्या पंधरांसाठी. पहिल्याच मात्रेने ज्यांना संरक्षण मिळाले त्यांना दुसरीने अपाय होत नाही, आणि ज्यांना मिळाले नाही त्यांतील बहुतेकांना ती देऊन जाते. दोन्ही मात्रांनंतर हे प्रमाण ९७ टक्क्यांच्या घरात जाते. तेव्हा ‘पहिली कुचकामी होती काय’ या प्रश्नाचे उत्तर असे, की आपल्या बाळापुरती ती बहुधा पुरेशी ठरली असेल. पण ‘बहुधा’ या शब्दावर मूल सोपवून निश्चिंत राहणे मला तरी जमणार नाही.

शिवाय प्रश्न आपल्या एकट्याच्या बाळाचा राहत नाही. गोवर इतका पसरणारा आहे, की वस्तीतील शंभरांपैकी सुमारे ९५ जण सुरक्षित असल्याशिवाय त्याची साखळी तुटत नाही. हिशेब करून पाहा. शंभरांतील नव्वद मुलांनी पहिली मात्रा घेतली आणि दुसरी कोणीच घेतली नाही, तर सुरक्षित मुले भरतात सुमारे ७६. कागदावर नव्वद टक्के लसीकरण, आणि प्रत्यक्षात चौघांत एक मूल उघडे. अशा वस्तीत गोवर वाळलेल्या गवतातल्या ठिणगीसारखा पसरतो. त्यात सापडते कोण? नऊ महिन्यांच्या आतील तान्ही बाळे, आणि कर्करोगाच्या उपचारांमुळे ज्यांना जिवंत विषाणूची लस देताच येत नाही अशी मुले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्त्यांत गोवर उसळला, मालेगाव आणि भिवंडीतही पसरला, आणि त्यात मुले दगावली. करोनाच्या काळात राहून गेलेल्या मात्रांचा वाटा त्यात मोठा होता. मुंबईतील बाधित भागांत तेव्हा सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा मात्रा द्यावी लागली.

प्रत्येक लसीचे गणित असे नसते, हेही सांगून ठेवतो. धनुर्वात माणसाकडून माणसाकडे जात नाही, तो मातीतून जखमेत येतो. त्यामुळे शेजाऱ्याने लस घेतली म्हणून आपले संरक्षण होत नाही. आणि त्याचे विष इतक्या अल्प प्रमाणात घातक ठरते, की रोगातून वाचलेल्या माणसाच्या शरीरालाही त्याची ओळख पटलेली नसते. त्यालाही नंतर लस द्यावीच लागते. निसर्ग जो धडा देत नाही तो येथे लस देते.

गोवराची लस आपल्याकडे रुबेलाच्या लसीसह एकत्र दिली जाते. रुबेला मुलांना सौम्य होतो, पण गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झाला तर बाळ बहिरेपण, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. म्हणून ही लस मुलाला आणि मुलीला सारखीच द्यायची.

या लसीमुळे स्वमग्नता येते, ही भीती १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील अवघ्या बारा मुलांवरच्या एका लेखातून पसरली. तो लेख २०१० मध्ये मागे घेण्यात आला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा पाठपुरावा करून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत या बाबतीत फरक आढळला नाही. स्वमग्नतेची लक्षणे ज्या वयात पालकांच्या ध्यानात येऊ लागतात, तेच वय या लसीचेही असते. दोन गोष्टी एका दारातून आल्या म्हणजे एकीने दुसरीला आणले असे होत नाही.

आता ज्यांची दुसरी मात्रा राहून गेली आहे त्यांच्यासाठी. लसीकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागत नाही. पहिल्या मात्रेची नोंद आणि तिने दिलेली ओळख दोन्ही शाबूत असतात. चोवीस महिने उलटले म्हणून संधी गेली असेही नाही. सरकारी कार्यक्रमात राहून गेलेली मात्रा वयाच्या पाच वर्षांपर्यंत देता येते, त्यापुढच्या मुलांविषयी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. एकही मात्रा घेतली नसेल तर दोन मात्रांत किमान चार आठवड्यांचे अंतर हवे. साधी सर्दी, किरकोळ खोकला, दात येणे ही लस पुढे ढकलण्याची कारणे नव्हेत. आणि मूल अशक्त असेल तर ती टाळण्याचे नव्हे, आधी देण्याचे कारण आहे. आधीच्या मात्रेनंतर गंभीर ॲलर्जी झाली असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार चालू असतील, तर ते टोचण्यापूर्वी सांगावे. त्याच वेळी ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस राहिला आहे का, हेही कार्डावर पाहून घ्यावे. कुपीत द्रव मिसळल्यावर ही लस चार तासांत वापरून संपवावी लागते आणि उरलेली टाकून द्यावी लागते, म्हणून सत्राच्या दिवशी सकाळीच केंद्रावर गेलेले बरे. टोचून झाल्यावर अर्धा तास तेथेच बसावे, आणि कार्डावर तारीख लिहिली गेली आहे याची खात्री करूनच निघावे.